पिवळ्या हेल्मेटवरचा पोपट

"कपाट रिकामं आहे!" निहार ओरडला.

त्याची ताई उर्जा आणि मित्र तनय धावत आले. जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहराबाहेरच्या कार्टिंग ट्रॅकवर ते तिघं उन्हाळ्याच्या सुट्टीत छोट्या रेसगाड्या चालवायला शिकत होते. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात त्यांच्या प्रशिक्षकांचं, माथेउसकाकांचं पिवळं हेल्मेट असायचं. आज तिथे नुसती धूळ होती!

माथेउसकाका ब्राझीलचे. एकोणिसाव्या वर्षी फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींसाठी जर्मनीत आले आणि दोन शर्यती जिंकले. आता फॉर्म्युला वन, असं सगळे म्हणत असतानाच पावसात गाडी घसरून भिंतीवर आदळली, मनगट मोडलं. ते बरं होईपर्यंत टीमच बंद पडली. मग इतरांच्या गाड्यांची चाचणी घे, इंजिनं दुरुस्त कर, असं करता करता सोळा वर्षं गेली. मोठी शर्यत जिंकूनच घरी जायचं, या हट्टापायी ते एकदाही घरी गेले नव्हते. आता मात्र परवा, रविवारी, त्यांचं विमान होतं.

"हेल्मेट आईने रंगवलंय," ते कपाटाकडे बघत म्हणाले. "ती बसवरच्या पाट्या रंगवायची. हेल्मेटच्या मागे तिने पोपट काढला. म्हणाली, मागून येणाऱ्यांना हाच दिसू दे! आता तिची नजर गेलीय. पण रंगाचे उंचवटे बोटांना कळतील ना? ते तिच्या हातात द्यायचं होतं..."

त्यांनी रिकाम्या कपाटाचं दार लावलं.

"तूच ठेवलं असशील कुठेतरी!" मॅनेजर लांगे कॉम्प्युटरवरून नजर न काढताच म्हणाले.

तिघं बाहेर आले.

"चोरी नाही ही," तनय म्हणाला. "भिंतीवरचं बंद घड्याळही गेलंय. मोडकी खुर्चीपण! चोर मोडकी खुर्ची कशाला नेईल?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! कुणीतरी साफसफाई केलीय!" निहार म्हणाला.

"पण लांगे कबूल करणार नाहीत," उर्जा म्हणाली. "थांबा, मी बघते."

ती पुन्हा आत गेली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "लांगेसाहेब, आमच्या घरी खूप जुनं सामान पडलंय. इथलं कोण नेतं हो?"

"आल्झो, म्हणजे बघ, निळ्या व्हॅनवाला नेतो. कालच सगळं उचललं त्याने. उद्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या वस्तूंच्या बाजारात, असेल." इतकं बोलून लांगे एकदम थांबले. त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि चेहरा पांढराफटक पडला!

शनिवारी सकाळी उर्जा-निहारच्या बाबांबरोबर, श्रीधरकाकांबरोबर, सगळे त्या जुन्या बाजारात पोहोचले. माथेउसकाकाही होते. निळ्या व्हॅनपुढच्या टेबलावर हेल्मेट चमकत होतं!

"जगज्जेत्याचं आहे!" विक्रेता गिऱ्हाइकांना सांगत होता.

"हो? मग आतल्या अस्तरावर कुणाचं नाव आहे?" तनयने विचारलं.

विक्रेता गडबडला. "आत... आत काही नाही!"

"लाल दोऱ्याने 'माथेउस' असं शिवलेलं आहे," माथेउसकाका हळूच म्हणाले. "डाव्या कानाजवळ."

निहारने अस्तर उलटलं. लाल दोरा! आजूबाजूचे लोक हसायला लागले. लांगेंनी ते न विचारता दिल्याचं श्रीधरकाकांनी समजावून सांगितलं, तेव्हा विक्रेत्याने ओशाळून हेल्मेट परत केलं.

"सामान देण्याआधी मी बघायला हवं होतं," संध्याकाळी लांगे खाली मान घालून म्हणाले. "मुलांनो, तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे निघालात."

"एका मोडक्या खुर्चीवरून शोधलंत! शाबास!" श्रीधरकाकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

रविवारी म्युनिकच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत चढताना माथेउसकाकांनी हेल्मेट छातीशी धरलं होतं. "एका महिन्यात परत येतो," ते म्हणाले.

महिन्याने माथेउसकाकांचा फोन आला. आवाज लांबून, तुटत येत होता.

"आईने पोपटावरून बोटं फिरवली आणि विचारलं, अजून शर्यत आहे का? मी म्हटलं, नाही, संपली. मी इथेच राहतोय, मुलांनो. इथल्या पोरांना कार्ट शिकवणार आहे."

"मस्तच, काका!" निहार ओरडला.

फोन ठेवल्यावर मात्र तनयने विचारलं, "ब्राझीलला जायला किती तास लागतात गं, उर्जा?"