फुग्यातला हेलियम कुठे गेला?

झोपताना छताला टेकलेला फुगा सकाळी जमिनीवर लोळत होता. गाठ तशीच घट्ट होती आणि भोक कुठेच दिसत नव्हतं. नभानं तो बादलीतल्या पाण्यात बुडवून पाहिला, पण एक बुडबुडा येईल तर शपथ! गंमत म्हणजे शेजारचा, तिनं स्वतः गाल दुखेपर्यंत फुंकून फुगवलेला फुगा अजून टम्म होता.

"आजी, माझ्या फुग्यातला वायू चोरीला गेला!"

आजी चहाचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत होती. चहावर साय धरली होती. एरवी असा प्रश्न आला की ती हातातलं काम टाकून बसायची. आज मात्र तिनं नुसतं सांगून टाकलं, "फुग्यात हेलियम होता. त्याचे अणू फार चिमुकले. रबरातूनसुद्धा हळूहळू निसटतात. हवेतले कण त्यामानानं मोठे, म्हणून तुझा फुगा टिकला. चल, उशीर होतोय."

आजी म्हणजे डॉ. स्नेहल नागवेकर. सन २०६० मधली ही गोष्ट. कोकणातल्या एका सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) सात देशांनी मिळून 'अर्कशाळा' उभारली होती. तिथे पृथ्वीवर छोटा सूर्य पेटवायचा होता. सुट्टीत आलेली नभा रोज आजीबरोबर तिथे जायची आणि गाडीत प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायची.

"आजी, सूर्यात नेमकं जळतं काय?"

"जळत काहीच नाही, जुळतं. हायड्रोजनचे हलके अणू जुळून हेलियम होतो आणि त्यात प्रचंड ऊर्जा सुटते. याला संमीलन म्हणतात. हलक्या अणूंचा एक जड अणू होणं."

"मग आपणही जुळवू की!"

"म्हणायला सोपं आहे. अणूंची केंद्रकं (त्यांच्या मधले गाभे) एकमेकांना दूर ढकलतात. ती भयंकर वेगानं आदळली तरच चिकटतात. त्यासाठी हायड्रोजन दहा कोटी अंशांच्याही वर तापवावा लागतो. तेव्हा त्याचा प्लाझ्मा होतो. म्हणजे अणू फुटून त्यांचे विद्युतभार असलेले तुकडे सुटे झालेला वायू."

"भांडं वितळेल की!"

"भांड्याला शिवू दिला तर ना! मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं करायचं आणि भोवतालच्या चुंबकांनी प्लाझ्मा आतल्या आत अधांतरी फिरवत ठेवायचा."

"आणि निसटला तर स्फोट?"

"नाही गं. भिंतीला लागला की थंड पडून विझतो. हा सूर्य पेटवतानाच घाम फुटतो. चिमूटभर हवा आत शिरली तरी बिघडतो." एवढं बोलून आजी पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

तिच्या काळजीचं कारण नभाला ठाऊक होतं. चुंबकं एका देशाची, तापवणारी यंत्रं दुसऱ्याची, असं ते सगळं काम होतं. भांड्याचं एक अर्ध भारताचं, दुसरं जपानचं. दोन्ही अर्धांमधला शेवटचा सांधा नुकताच जोडून झाला होता आणि तो गळतोय असं यंत्र म्हणत होतं. सांधा कापून पुन्हा जोडायचा तर दोन वर्षं हातची जाणार होती. आजी पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर निवृत्त व्हायची होती. ज्या सूर्यासाठी तिनं तीस वर्षं घालवली, तो पेटताना ती तिथे नसती. नभाला त्या विचारानंच रडू येई.

अर्कशाळेत सांध्याच्या बंदिस्त खोलीबाहेर, काचेपाशी मोरिताकाका उभे होते. ते जपानी तुकडीचे प्रमुख. त्यांच्या गळ्यातला 'दुभाष्या' त्यांचं बोलणं मराठीत आणायचा, तेही थेट शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत.

"डॉक्टर, दोष आमच्याच अर्धाचा असावा. मी क्षमाप्रार्थी आहे."

"काहीतरीच काय, मोरिता! सांधा माझ्या माणसांनी जोडलाय. दोष आमचाच."

"कृपया असे म्हणू नका."

दोघंही दोष आपल्याकडेच ओढत होते. असलं भांडण नभानं वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

"काका, गळतं ते कळतं कसं?" तिनं मध्येच विचारलं.

"भांडे आतून निर्वात केले आहे, म्हणजे त्यातील हवा काढून घेतली आहे. बाहेरून सांध्यावर हेलियम फवारतो. बारीकशी जरी फट असली तरी त्याचे चिमुकले अणू आत शिरतात आणि आतील हेलियम मोजणाऱ्या यंत्राचा काटा चढतो. परंतु आता न फवारताही काटा वरच आहे. दुपारी सांधा कापण्यास आरंभ करू."

नभानं काचेला नाक लावलं. आत मचाणाखाली रंगीत काहीतरी पडलं होतं. लाल, पांढरे, केशरी, हिरवे, सुरकुतलेले फुगे! अर्कशाळेची रीतच होती. सांधा पुरा झाला की दोन्ही देशांच्या रंगांचे फुगे तिथेच बांधायचे. नभाचा फुगाही त्यातलाच होता.

"आजी, हे फुगे कशानं भरले होते?"

"गळती शोधायच्या नळकांड्यातला हेलियम उरला होता, तोच..." आजी अर्ध्यावर थांबली.

"मग त्यांच्यातला हेलियम कुठे गेला?"

आजीनं एकदा फुग्यांकडे, एकदा काट्याकडे पाहिलं. मग आजीनं कपाळावर हात मारला. "खोलीत! सगळी खोली हेलियमनं भरलीय, मोरिता! भांड्याच्या खिडक्यांना तपासणीपुरत्या रबरी कड्या आहेत. फुग्याच्या रबरातून जो निसटला, तोच त्या कड्यांतून आत झिरपतोय. यंत्र बिचारं खरंच सांगत होतं!"

दोष कुणाचा, यात ही शहाणी माणसं इतकी गुंतली होती की दोष आहे का, हेच विचारायचं राहून गेलं होतं.

दारं उघडली, पंखे सुरू झाले, फुगे उचलले. काटा उतरायला दुपार झाली. मग आजीनं स्वतः आत जाऊन पुऱ्या सांध्यावर हेलियम फवारला. नभा श्वास रोखून काट्याकडे बघत होती. तो जागचा हलला नाही.

"सांधा निर्दोष आहे," दुभाष्या म्हणाला. मोरिताकाकांचा आवाज मात्र चांगलाच कापत होता. आजीनं बाहेर येऊन नभाला घट्ट कवेत घेतलं.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, अर्कशाळेत पहिल्यांदा सूर्य पेटला. समुद्राच्या पाण्यातून वेगळा काढलेला जड (नेहमीच्या दुप्पट वजनाच्या अणूंचा) हायड्रोजन आत सोडला होता. नियंत्रण कक्षात फुगे याही वेळी होते. पण ते मोरिताकाकांनी लालबुंद होईपर्यंत तोंडानं फुगवलेले होते, त्यामुळे सगळे खाली लोंबत होते.

पडद्यावर गुलाबी कडं उजळलं. थोड्या वेळानं भांड्यातून काढलेला वायू तपासणाऱ्या यंत्रावर हेलियमची बारीक रेघ वर चढली. गेल्या वर्षी याच नावानं सगळ्यांचे चेहरे उतरले होते. आज सात भाषांमध्ये एकच आरडाओरडा झाला.

आजीनं डोळे पुसले आणि नभाकडे वळून विचारलं, "आता सांग, हा हेलियम कुठून आला?"

"बाहेरून नाही आला, आजी," नभा म्हणाली. "हा आतच जन्मला."