पाळीवरचं एक मिनिट

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा व्हिडिओ काढताना तो मागे सरकला आणि माझ्या लंबकाला धडकला.

"सॉरी मॅडम… हे हलणारंच होतं ना?"

"लंबक हलणारा आहे. तुमचं चित्र नको हलायला." मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. "दर पावलाला वर-खाली उसळते."

"कॅमेरा स्थिर धरणारा हा गिंबल नवीन आहे. मंग काहून उसळते?"

"गिंबल तिरपं होणं, वळणं सावरतो. उसळी तुमच्या पायांची आहे. गुडघे वाकवा. आधी टाच, मग चवडा."

तो शहापूरचा धम्मदीप. लग्नांचं शूटिंग करायचा. हंगाम सरला की दुसऱ्यांच्या बांधीत धान कापायचा. पुण्याच्या एका स्टुडिओला चालत घेतलेला, न तोडलेला एक मिनिटाचा शॉट पाठवायचा होता. जमला तर नोकरी.

महिनाभर शाळा सुटल्यावर आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मी पुढे चालायचे, तो मागून.

"माझी आई डोक्यावर धानाच्या रोपांचा, पऱ्ह्यांचा भारा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून जाते," मी म्हटलं. "पाहजो कधी. भारा हलत नाही. तसा चाल."

"म्हणजे सासूबाईकडून शिकू?"

मी हसले नाही… पण पुढचं पाऊल चुकलं.

शेवटच्या दिवशी आभाळ दाटलेलं, पाणी राखेसारखं. पहिला शॉट उसळला. दुसराही. तिसऱ्या वेळी मी वळून पाहिलं — त्याचे गुडघे ताठ होते.

"मुद्दाम करून राहिला तू."

त्याने कॅमेरा खाली घेतला. मग — "जमला तर पुण्याला जा लागते, रीना. थांब म्हण ना… एकदा."

त्याच्या तळहातावरचे विळ्याचे वण मला पाठ होते.

"गुडघे वाकव," मी म्हटलं. "पुन्हा."

"मंग एकदा वळून पाहशील?"

"नाही. शॉटमध्ये ते नाही."

मी चालू लागले. मनात साठपर्यंत मोजलं. वळले नाही. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

त्याला पुण्याला जाऊन बारा दिवस झाले. काल त्याने तो शॉट मला पाठवला. पाळ, पाणी, पलीकडची झाडं — सगळं जागच्या जागी, एकही उसळी नाही. म्हणूनच स्पष्ट दिसतं… चाळिसाव्या सेकंदापासून माझे खांदे हलताहेत.

खाली त्याने लिहिलं होतं, "कॅमेरा तर स्थिर होता, मॅडम. मंग तू काहून हलून राहिली होती?"