सावळारामच्या तीन बायका

आखातातल्या अल मजाज भागातल्या फ्लॅटमध्ये उल्हास साळवे यांनी आपल्या आजी-आजोबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शुक्रवारी घरात नातीचा बाप्तिस्मा, आणि उल्हासरावच रुसून बसलेले.

"मुग्धाताई, माय फॉल्ट आहे सगळा," त्यांची लेक अनन्या म्हणाली. बाळाला आपल्या पणजीचं, रूथचं नाव द्यायचं म्हणून तिनं हौसेनं पलटणीचे आणि चर्चचे जुने कागद मागवले. हौस अंगाशी आली.

मुग्धा लोकांच्या घराण्यांचा माग काढून देई. तिचा नवरा अंकुर गाडी चालवी आणि चुकीचे निष्कर्ष काढी. दोन्ही कामं तो मनापासून करी.

पहिल्या महायुद्धात भरती होताना उल्हासरावांच्या आजोबांची, शिपाई सावळारामची, बायको म्हणून तुळसाची नोंद होती. नाव सांगणारा तिचा भाऊ लक्ष्मण. पुढे सावळाराम लढाईवर बसऱ्याला गेल्यावर पलटणीनं त्याच्या गावच्या घरी येऊन वारसाची नोंद केली: पत्नी यमुना, मनगटावर विंचवाचं गोंदण. युद्धानंतर तो ख्रिस्ती झाला आणि चर्चमध्ये लग्न लागलं. वधू रूथ, साक्षीदार पुन्हा लक्ष्मण.

"तीन बायका! खलास!" अंकुर म्हणाला. "पहिल्या दोघींना सोडलं असणार."

"दोघी कशा गेल्या, काही सापडलं?" मुग्धानं विचारलं.

"नथिंग. मृत्यू नाही, काडीमोड नाही," अनन्या म्हणाली.

इतक्यात अंकुरच्या आईचा पुण्याहून फोन आला. "वैभवीला दे रे जरा." त्यानं सवयीनं फोन मुग्धापुढे धरला. "आई, कामात आहे, नंतर करते," म्हणून तिनं तो ठेवला.

मग ती उल्हासरावांजवळ जाऊन बसली. "काका, आजी कशी होती?"

"तिनंच वाढवलं मला." उल्हासराव म्हणाले. "जेवलो नाही की मनगट पुढे करायची. हा विंचू चावेल म्हणायची. आणि तिला आजोबानं फसवलं? दोघींच्या तळतळाटावर तिचा संसार? ते नाव नको माझ्या नातीला."

"एक सांगा. मेव्हणा आपल्या बहिणीला टाकून दुसरीशी लग्न करतोय. भाऊ तिथे साक्षीदार म्हणून उभा राहील?"

"तंगडं मोडेल त्याचं!"

"लक्ष्मण उभा राहिला. कारण रूथ ही त्याचीच बहीण, तुळसा. आणि यमुनेच्या मनगटावरचा विंचू तर तुम्ही रोज बघत होतात."

"पण नावं तीन?" अंकुर म्हणाला.

"तुझ्या आईनं आत्ता फोन कुणाला मागितला?"

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'वैभवी' अंकुरनंच लिहिलं होतं.

"भावाच्या तोंडी माहेरचं नाव, सासरी सासरचं," मुग्धा म्हणाली. "नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिसरं. मग चर्चनं त्याच दोघांचं लग्न पुन्हा लावलं. काका, आजोबांनी एकच बायको केली. तीन नावं झाली ती आजीची."

उल्हासराव उठले. फोटो सरळ करताना ते लहान मुलासारखे रडत होते.

"अनन्या, शुक्रवारी रूथ नको."

"पप्पा, आता काय?"

"आजीचा भाऊ गेल्यावर तिला माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही गं." त्यांनी पाळण्यावर वाकून हळूच हाक मारली, "तुळसा!"

बाळानं डोळे उघडले.