दीड फेरा

"एकदा बसवलेली खिडकी म्हणजे बसलेली खिडकी. तिला पुन्हा पुन्हा कोण हात लावतो? आणि हा माणूस दोन महिन्यांत चौथ्यांदा सांगतोय, वाजते म्हणून! खिडकी आहे की खुळखुळा?"

आजीने दुकानातला फोन असा ठेवला की काउंटरवरच्या काचेखालचे जुने फोटोसुद्धा दचकले असतील. खिडक्या बसवण्याचं हे दुकान आजोबांनी काढलं आणि त्यांच्या मागे आजीनेच चालवलं. शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेलेली. सही करायला तिला अर्धं मिनिट लागायचं, पण एखादी चौकट सुताभर कलली असेल तर रस्त्याच्या पलीकडून सांगायची.

"चुका काढायचा धंदाच आहे त्याचा," आजी म्हणाली. "दिवसभर पुस्तकांतल्या काढतो, त्या संपल्या की आपल्या खिडकीतल्या काढतो."

तिची नात हत्यारांची पिशवी पुसत बसली होती. पुसून झालेलं स्क्रूड्रायव्हर ती पुन्हा पुसत होती... हे आजीने पाहिलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

या नातीला सगळे ओळंबी म्हणत. लहानपणी आजोबा भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला लावलेला ओळंबा भिंतीशी धरायचे, आणि ही शेजारी जाऊन तशीच ताठ उभी राहायची. तेव्हापासून ती ओळंबीच. आता ती पंचवीस वर्षांची होती आणि दुकानातलं सगळ्यात नाजूक काम तिच्याच हाताला यायचं.

"मी जाऊन येते," ओळंबी म्हणाली.

"आज मी पण येते."

"आजी, चौथा मजला आहे. लिफ्ट नाही."

"मग काय झालं? मला पाय आहेत. तू परवा सोमवारी निघालीस की ही तक्रार कुणाच्या गळ्यात पडणार? माझ्याच ना? मग एकदा बघू तरी दे, काय वाजतंय ते."

ओळंबीच्या हातातलं स्क्रूड्रायव्हर पिशवीत जायच्या ऐवजी खाली पडलं.

*

सुरुवातच मुळी चुकीने झाली होती. माप घ्यायचं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या घरी. ओळंबी जिने मोजताना चुकली आणि तिने चौथ्या मजल्याची बेल दाबली. दार उघडलं ते कानावर लाल पेन्सिल अडकवलेल्या एका तरुणाने. हातात कागदांचा गठ्ठा, आणि डोळे अजून त्या कागदांतच.

"खिडकीचं माप घ्यायला आलेय."

"हो, वाजते फार," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

तिने माप घेतलं. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा, उंचीही तीनदा, मग दोन्ही तिरपी मापं. आकडे तिने नेहमीसारखे खिडकीखालच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिले. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"एकच खिडकी इतक्या वेळा मोजता?"

"जिथे सगळ्यात कमी भरते, तेच माप खरं धरायचं."

"आणि... मी खिडकी कधी सांगितली होती?"

तिने वही उघडली, पत्ता वाचला, आणि कानापर्यंत लाल झाली.

"चूक माझी आहे. खिडकी खालच्या मजल्यावर सांगितली होती."

"राहू द्या," तो हसून म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो मी. पहिल्यांदाच एक चूक आवडली... नवी खिडकी मलाही हवीच आहे."

छापायला जाण्याआधी पुस्तकांची प्रुफं तपासायचं त्याचं काम. घरात तो एकटाच. खिडकीशी एक टेबल, टेबलावर कागदांच्या चळती, आणि वारा आला की त्या उडू नयेत म्हणून प्रत्येक चळतीवर काहीतरी ठेवलेलं. एकीवर कप, एकीवर बूट, एकीवर लोणी लावायची सुरी.

खिडकी बसवायला गेली त्या दिवशी तो काम सोडून तिचं काम बघत बसला. तिने चौकट उभी केली, कडेच्या फटीत पाचरी सारल्या.

"तुमचा धंदा अजून किती वर्षं चालेल?" त्याने विचारलं. "माझ्या धंद्याचं आयुष्य फार तर दोन-तीन वर्षं. आता चुका यंत्रच शोधतं. त्याच्याकडून निसटलेलं तेवढं माझ्याकडे येतं."

ओळंबीने खिडकीच्या बैठकीवर लेव्हल ठेवली. "यातला बुडबुडा कुठे सरकलाय?"

"डावीकडे."

"म्हणजे भिंत उजवीकडे उतरलीय. यंत्रातून खिडकी अगदी काटकोनात येते हो, पण भिंत कुणाच्याच घरची सरळ नसते. सरळ खिडकी आणि वाकडी भिंत, या दोघांचं पटवून द्यायला कुणीतरी माणूस लागतोच."

"म्हणजे तुम्ही मध्यस्थ."

"सोयरीक जमवणारी म्हणा हवं तर," ती बोलून गेली, आणि मग पुढचे दोन स्क्रू खाली मान घालून बसवले.

"आणि ही फट कशाला ठेवली?"

"चौकट उन्हात फुगते. जागा ठेवली नाही तर वाकते. जवळ बसवायचं... पण गुदमरेल इतकं जवळ नाही."

त्याने फक्त कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

आजोबांची एक शिस्त होती. दुकानात अजूनही एकाच खाचेचे स्क्रू वापरायचे, आणि शेवटचा पीळ दिल्यावर प्रत्येक खाच उभी राहिली पाहिजे. आडवी नाही, तिरपी नाही. ती त्यांच्या कामाची सही होती. ओळंबीने त्या दिवशी दोन्ही बिजागऱ्यांचे सहाही स्क्रू उभ्या खाचेवर आणून थांबवले आणि हत्यारं गोळा केली. निघताना पिशवी रोजच्यापेक्षा जड लागली.

आठ दिवसांनी फोन आला, खिडकी वाजते. ती तक्रार खरी होती. चौकट बसायला थोडे दिवस घेते, पुन्हा आवळावी लागते. तिने आवळली. तो बाजूला उभा राहून कुठल्याशा पुस्तकातली गंमत सांगत होता. नायिकेचे डोळे पहिल्या पानावर काळे, शेवटच्या पानावर घारे.

"मग तुम्ही काय केलंत?"

"लेखकाला विचारलं. ते म्हणाले, कुठलेही ठेवा. ज्याने डोळे नीट पाहिलेच नाहीत, त्याने प्रेमकथा लिहू नये!" आणि मग जरा थांबून, "तुमचे तपकिरी आहेत. उजेडाकडे वळलात की कडेने जरा फिके होतात."

तो पाणी आणायला आत गेला. आणि ओळंबीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. खालच्या बिजागरीतला मधला स्क्रू तिने उलटा फिरवला. बरोबर दीड फेरा. एक फेरा पुरला असता, पण तेवढ्याने वाजलीच नाही तर? पावणेदोन केला असता, तर खाच आडवी राहिली असती. दीड फेऱ्याने स्क्रू सैल झाला आणि खाच उभीच्या उभी. चोरी करतानाही आजोबांची शिस्त तिने मोडली नाही!

त्यानंतर वारा सुटला की लोक वाळत घातलेले कपडे काढायला धावायचे आणि ओळंबी दुकानातल्या फोनकडे बघायची. दुसरीकडच्या कामावर, परांचीवर उभी असतानाही तिची नजर छपरांवरून त्या चौथ्या मजल्याकडे जायची. काचेवर ऊन चमकलं की वाटायचं, उघडली. ढग आला की वाटायचं, मिटली. दुसरा फोन आला. तिने स्क्रू आवळला, तो पाठमोरा झाला, पुन्हा दीड फेरा. तिसरा फोन आला.

त्या तिसऱ्या खेपेला तिला दिसलं की भिंतीवरचे तिचे पेन्सिलीचे आकडे अजून तसेच आहेत आणि त्यांच्याखाली लाल टिंबांची ओळ काढली आहे.

"ही टिंबं कसली?"

"आमची प्रुफांतली खूण आहे, म्हणजे खोडू नका, आहे तसं राहू द्या."

ती टिंबांवरून नजर काढून हत्यारांकडे वळली, कारण त्याच दिवशी सकाळी पत्र आलं होतं. काचेच्या उंच भिंती उभारणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तिला शिकायला बोलावलं होतं. दुसरं शहर, दोन वर्षं. अर्ज आजीनेच करायला लावला होता.

"लाकडाच्या चौकटी गेल्या तेव्हा लोक म्हणाले, आता दुकानाला कुलूप," आजी म्हणाली होती. "मग लोखंड आलं, ॲल्युमिनियम आलं, दुहेरी काच आली. मी आपली इथेच बसलेय. भिंतीला भोक आहे तोवर आपल्याला मरण नाही. पण आता भोक मोठं होत चाललंय गं, अख्खी भिंतच काचेची! उद्या त्या काचेतून वीज काढतील म्हणे. ते शिकून ये. मला नाही येत, तुला यायला पाहिजे."

ओळंबीला जायचं होतं. मनापासून जायचं होतं, आणि हीच तर पंचाईत होती.

"पुढच्या सोमवारी जातेय मी," तिने त्याला सांगितलं. "दोन वर्षांसाठी."

तो टेबलाशी थांबला. चळतीवरचा कप उचलला, दुसऱ्या चळतीवर ठेवला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

एवढंच. तिने स्क्रू आवळला. मग, का कोण जाणे, रागाने की आशेने... पुन्हा दीड फेरा.

आणि मग वारा पडला. पान हलेना. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी तिने सामान बांधलं. वारा नाही म्हणजे आवाज नाही, आवाज नाही म्हणजे तक्रार नाही. आणि शनिवारी सकाळी, झाडाचं पानही हलत नसताना, फोन आला. खिडकी वाजते.

*

आजी चारही जिने चढली, प्रत्येक वळणावर कठडा हलवून बघत.

दार उघडून तो "या" म्हणाला, आणि मागे आजीला बघून त्याचा "या" अर्धाच राहिला.

"मी हिची आजी. कुठे वाजते?"

"ते... आत्ता वाजत नाहीये. वारा नाही ना."

"ते मलाही कळतं. तुम्हाला वाऱ्याशिवाय कशी ऐकू आली, ते बघायला आलेय."

आजीने चष्मा लावला आणि झडप अर्धी उघडून खालच्या बिजागरीपाशी वाकली. तिन्ही खाचा उभ्या. आजीने हात मागे केला, ओळंबीने त्यात स्क्रूड्रायव्हर दिलं. मधल्या स्क्रूवर ते टेकवून आजीने डोळे मिटले आणि हळूहळू फिरवलं. अर्धा... एक... दीड. स्क्रू घट्ट झाला. खाच उभी.

"हं," आजी म्हणाली. "दीड फेरा सैल, आणि खाच जागच्या जागी. हे अडाणी हाताचं काम नाही. हे माझ्या घरचं शिक्षण आहे."

ओळंबीला वाटलं, खिडकी उघडीच आहे, तिथूनच निघून जावं.

आजी सरळ झाली आणि वरच्या बिजागरीकडे वळली. "आणि हे बघ इकडे. डोळे खाली कशाला? वर बघ."

ओळंबीने वर पाहिलं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू वाकड्या खाचांनी उभे होते. खाचांच्या कडा ओरबाडलेल्या, भोवतीच्या रंगावर घसरलेल्या पात्याचे चरे. एका ठिकाणी तर रक्ताचा वाळलेला बारीक ठिपका. हे तिचं काम नव्हतं. तिने वरच्या बिजागरीला कधी हातच लावला नव्हता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. टेबलावर लोणी लावायच्या सुरीचं टोक वाकलेलं.

"वारा पडला होता," तो तिला म्हणाला, आजी जणू तिथे नव्हतीच. "चार दिवस वाट बघितली. मला काय म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं अभिनंदन... छापून गेलेल्या पुस्तकात चूक दिसावी ना, तसं झालं. रात्रंदिवस तेवढीच दिसते, आणि दुरुस्त करता येत नाही."

"काय म्हणायचं होतं?"

"जाऊ नका म्हणायचं नव्हतं. तुम्ही जायलाच हवं. फक्त... तुम्ही परत येईपर्यंत ही भिंत मी कुणाला रंगवू देणार नाही, एवढंच."

ओळंबीने भिंतीकडे पाहिलं. आकडे तिचे, टिंबं त्याची.

"खालचा स्क्रू मीच सैल केला होता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तीनदा."

तो हसायला लागला, तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. दोघांनी एकाच खिडकीचा जीव काढला होता, तिने दोन महिने खालून, त्याने या आठवड्यात वरून. सोमवार मात्र जिथे होता तिथेच होता.

"झालं हसून?" आजी म्हणाली. तिने तोवर वरचे दोन्ही स्क्रू काढून पिशवीतले नवे बसवले होते, आणि खाचा उभ्या होत्या. "सहातले तीन स्क्रू सैल. झडप खाली रस्त्यावर कुणाच्या डोक्यात पडली असती म्हणजे? हिला मी घरी बघते. आता तुझी पाळी. तुम्ही-बिम्ही बास झालं, नीट ऐक. ही सोमवारी जाणार म्हणजे जाणार. ही खिडकी आता माझ्या हातची आहे, दोन वर्षांत वादळ आलं तरी हूं करणार नाही, तेव्हा त्या आवाजाची वाट बघू नकोस. आजवर सहा वेळा चार-चार जिने चढून ती तुझ्याकडे आली. इथून पुढे जायचं ते तू. गाडीत बसायचं, तिच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि मनात असेल ते तोंडाने बोलायचं. आणि ती सुरी आधी इकडे दे."