शेजारच्या सीटचा बेल्ट

बसा जरा. पोरगी गाडी घेऊन येईपर्यंत एक घडलेली गोष्ट सांगतो. सीटकव्हर शिवणारा माणूस मी. रचून सांगायला डोकं लागतं, ते आपल्याकडे नाही. तेव्हा खोटं असायचा प्रश्नच मिटला.

गेल्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. गोदामांच्या मागचा लांबलचक रस्ता.

पण त्याआधीचं थोडं ऐका.

पोरीला लायसन मिळालं म्हणून एक जुनी गाडी घेतली. शेजारच्या सीटला बेल्टची बेल आहे. कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की टूं टूं टूं. आधीच्या मालकानं बेल्टच्या खाचेत नुसतीच एक क्लिप खोचून ठेवली होती, बेल्टशिवायची. बेलचं तोंड बंद करायला लोक करतात तसं. मी ती उपटून फेकली. राखणीच्या कुत्र्याचं तोंड कुणी बांधतं का?

पोरीला बजावलं. फोन पिशवीत ठेवायचा. आणि हात बसेपर्यंत मैत्रिणींना गाडीत घ्यायचं नाही. चौघी खिदळायला लागल्या, की रस्ता राहतो बाजूला.

"हो बाबा, हो."

पण थोड्याच दिवसांत बघतो तर...

शेजारची सीट पार मागे सरकवलेली.

उंच माणसासाठी सरकवतात, तशी.

मी पुढे घेतली. संध्याकाळी पुन्हा मागे. आणि कव्हरला खळगा पडलेला. कुणी बसून उठल्यावर पडतो, तसा.

"कुणाला फिरवतेस गं?"

"कुणालाच नाही."

"मग सीट काय स्वतःच पाय पसरते?"

तिची आई आतून ओरडली, "पोरीवर भरवसा नाही, तर गाडी कशाला घेतली? पुसायला?"

म्हटलं ठीक आहे. रविवारी मीच सोबत निघालो. मुद्दाम मागे बसलो. तिची पिशवीही माझ्या मांडीवर घेतली. पुढची सीट रिकामी. मी बेल्ट लावला नव्हता. मागे कोण लावतो हो?

चांगली चालवत होती. मी जरा सैलावलो.

तेवढ्यात फोन वाजला.

पिशवीत नाही... तिच्या दाराच्या कप्प्यात.

तिचा हात तिकडे गेला.

टूं... टूं... टूं...

रिकाम्या सीटची बेल.

तिनं हात मागे घेतला. बेल बंद.

"हे काय आहे?"

ती आरशातही माझ्याकडे बघेना. "फोनला हात लावला की वाजतं. वेग वाढवला की वाजतं. तुम्ही ती क्लिप काढली ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही विचारलं, कुणाला फिरवतेस. मलाही माहीत नाही बाबा... कोण आहे ते."

मी म्हटलं, उंदरानं वायर कुरतडली असेल. तोंडानं म्हटलं. माझंच मला पटलं नाही.

आणि बेल पुन्हा सुरू झाली.

या वेळी तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मग... सर्रर्र...

शेजारचा बेल्ट हळूहळू बाहेर येत होता. कुणी ओढावा तसा. रिकाम्या जागेवर तो गोल फुगला. आत छाती असल्यासारखा.

खट्.

बेल गप्प.

माझे हात मला न विचारताच मागचा बेल्ट चाचपू लागले. कसाबसा लावला. "हळू घे, बाळा. एकदम हळू."

तिनं वेग कमी केला. वळण आलं.

वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, बंद पडलेला ट्रक. एक दिवा नाही.

तिनं ब्रेक दाबला. मी पुढे फेकलो गेलो आणि बेल्टनं धरलं. ट्रकची फळी काचेसमोर, हात लावता येईल इतकी जवळ.



मग शेजारी... खट्. बेल्ट सुटला. सावकाश आपल्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी, ज्याच्याकडून गाडी घेतली त्या दलालाला गाठलं. "या गाडीत पुढे कोण बसायचं?"

"काका, इंजिनचं विचारा, टायरचं विचारा." एवढं बोलून त्यानं भरदिवसा शटर ओढलं.

आमची ही म्हणते, जो कुणी असेल तो, पोरीला वाचवलं त्यानं. असेल. पण माझं मन खात राहतं. कारण तो खळगा आता सीटच्या मधोमध पडत नाही.

पोरीच्या बाजूला सरकत चाललाय. रोज थोडा थोडा.

गाडी विकू म्हटलं, तर ती रडकुंडीला येते. म्हणते, "मला आता एकटीनं चालवायची भीती वाटते."

एकटीनं!

हॉर्न ऐकलात? आली. तुम्हाला घरापर्यंत सोडेल. फोनला हात लावत नाही, वेगात जात नाही, त्याची काळजी नको. तुम्ही मागे बसा आणि बेल्ट लावा. हल्ली मी बघायला गेलो की ती चिडते, म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो... उतरताना पुढच्या सीटवर एक नजर टाका. खळगा कुठवर आलाय, ते मला सांगा.