डोलोन घाटातली तेल खाणारी गाडी

कोचकोरहून नारीनला एक गाडी पोचवायची, एवढंच काम होतं. सतरा जानेवारी, गुरुवार. तोक्तोसून रात्री साडेनवाला निघाला, कारण तेल खाणारं इंजिन दिवसा धूर दाखवतं आणि रात्री अब्रू झाकतं. हसू नका पोरांनो. तुम्हीही गाड्याच विकता.

तोक्तोसून आमच्या गल्लीतला मिस्त्री. हात सोन्याचा, पण जीभ त्याहून चकचकीत. इंजिनातल्या रिंगा झिजल्या, तेल वर चढून प्लग काळे पडायला लागले, की लोक त्याच्याकडे यायचे. तो इंजिन उघडायचाच नाही. प्लगखाली अंगठ्याएवढी पोकळ नळी बसवायचा. प्लग वर उचलला जायचा, तेलात भिजायचा नाही, गाडी आचके द्यायची थांबायची. आजार तसाच, फक्त खोकला बंद. स्वतःची गाडी चार दिवस रेटायला हा इलाज ठीक आहे. तोक्तोसून मात्र नळ्या बसवून गाडी विकायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

हीच गाडी त्याने नोव्हेंबरात कुबानिच नावाच्या तरुणाला अशी विकली होती. डिसेंबरात एका रात्री ती डोलोनच्या घाटात बंद पडली. फोनला रेंज नाही, थंडी उणे तीस. सकाळी पोरगा आत बसलेलाच सापडला. तोक्तोसून मातीला गेला नाही. उलट मधल्या माणसाला पुढे करून त्याने तीच गाडी भंगाराच्या भावात परत आणली, नव्या चार नळ्या बसवल्या आणि नवं गिऱ्हाईक शोधलं. मला याचा आजही राग येतो.

निघताना त्याची बायको बुरूल बोर्सोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळत होती. गुरुवारी घरात कणीक तळली की ज्यांची नावं घेतली त्या मेलेल्यांना तेलाचा वास पोचतो, त्यांची भूक भागते, असं आमच्याकडे मानतात.

"आज त्या पोराचंही नाव घ्या," ती म्हणाली. "घाटातून जायचंय तुम्हाला."

"तो काय माझ्या मामाचा मुलगा? त्याचे लोक तळतील त्याच्यासाठी."

"त्याचे लोक तुम्हाला शिव्या देण्यात गुंतलेत."

"मग तूच तळ दोन जास्त. तुला तरी काय काम आहे?"

नाव न घेताच तो गाडीत बसला.

अकरा वाजून वीस मिनिटं. घाटमाथ्याच्या अलीकडचं वळण. तिथे गाडीत वास आला. इंजिनच्या तेलाचा नाही, ताज्या तळणाचा. त्याने तर बोर्सोकचा तुकडाही बरोबर घेतला नव्हता.

मागच्या सीटवर कोणीतरी तो वास खोल ओढून घेतला.

"दादा, इंजिन उघडलंय का कधी?"

तोच आवाज. नोव्हेंबरात, बाजारात, हाच प्रश्न कुबानिचने विचारला होता. तोक्तोसूनने आरशात पाहिलं नाही. पण जिभेला सवय होती.

"नाही रे. जसं आलं तसंच आहे."

एक सिलिंडर मेला. गाडी थरथरली.

"तेल खाते?"

"थेंबही नाही."

दुसरा मेला.

"आणि प्लग?"

"कोरे..."

तिसरा. चढावर गाडी रांगायला लागली. हीटरमधून गार हवा यायला लागली.

"मला घरी पोचवेल ना?"

नोव्हेंबरात तोक्तोसून हसून म्हणाला होता, आंधळा बसला तरी पोचवेल. आता त्याने नुसता ॲक्सिलरेटर दाबला.

चौथा मेला.

...

काचेवर आतून बर्फ धरलं. त्याने दार ढकललं. उघडेना. खांदा लावला. उघडेना. बोटं बधिर झाली. हा पोरगा कसा मेला असेल, ते त्याला तेव्हा कळलं.

मानेवर हात आला. ओला. गार.

"पोचवेल ना, दादा?"

"...नाही."

"माहीत होतं?"

"...होतं."

"मग सांग. पहिल्यापासून."

सकाळी सातला मी त्या वळणावर पोचलो. रस्त्यावरचं बर्फ काढणारं यंत्र तेव्हा मी चालवायचो. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि आत चुलीपुढे बसल्यासारखी ऊब होती. दार मी एका बोटाने उघडलं. तोक्तोसून पुढच्या सीटवर मागे तोंड करून बोलत होता. कोणाला कोणती गाडी विकली, काय लपवलं, एकेकाचं नाव घेऊन. घसा बसला होता. मागची सीट रिकामी होती. मी त्याला हलवलं तर अंगावर धावून आला.

"बोलू दे मला! थांबलो की इंजिन बंद पडतं."

रात्रभर तो असा बोलत होता; गाडीत काय घडलं, तेही मला त्यानेच सांगितलं. मी त्याला ओढत नेऊन माझ्या यंत्रात बसवलं. मग त्याची गाडी बंद करायला किल्ली फिरवली. बंद होईना. किल्ली काढून घेतली, तरी होईना. म्हणून बॉनेट उघडलं.

चारही वायरी बाजूला लोंबत होत्या. नळ्या नव्हत्या. प्लग नव्हते. चार उघडी भोकं होती...

आणि इंजिन चालू होतं. नव्यासारखं.