नाडगौडा-चार

त्या काळी आकाशात बेनामी राहायची सोय उरली नव्हती. यादीत नोंद नसलेला उपग्रह म्हणजे बेनामी. त्याची कक्षा कुणी कळवली, की ‘झाडू’ नावाचं यान दुसरा दिवस मावळू देत नसे; त्याला खाली ढकलून हवेत जाळून टाकी. वर पसाराच इतका झाला होता, की चौकशी करत बसायला कुणाला सवड नव्हती.

कक्षा कळवणारे मात्र हौशी लोक. इचलकरंजीचे पद्माकर नाडगौडा त्यांतलेच. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि नावाचे भुकेले.

एका संध्याकाळी शेजारची शैला कोष्टी त्यांच्या गच्चीवर आली. तिच्या वडिलांच्या अस्थी एका कंपनीने छोट्या उपग्रहात घालून अंतराळात नेल्या होत्या. नोंद न करताच नेल्या, हे कंपनी बुडाल्यावर कळलं.

“सर, आमचं आप्पा घावतील का? आरसा बसवलाय म्हणालेले. डोळं मिचकावत जातील म्हणं.”

“सापडतील. आपल्याकडे अंधारलं तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून ते दिसतात. कुठल्या दोन ताऱ्यांमधून कधी गेले, एवढंच टिपायचं. चार ठिकाणी टिपलं, की पुढचा रस्ता मांडता येतो.”

पुढच्या आठवड्यात, शैला यंत्रमागाच्या पाळीला असताना, एक ठिपका मिचकावत गेला. यादीत नव्हता. सरांनी कक्षा मांडली आणि सवयीने लगेच जगभर कळवून टाकली, कारण आधी कळवेल त्याचं नाव लागतं. ‘नाडगौडा-चार’ ही अक्षरं पडद्यावर उमटली, तेव्हा कुठे त्यांना शैला आठवली. पण कळवलेली कक्षा परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शेंगदाण्याचा लाडू घेऊन आली. सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि हात वर केला.

“ते बघ.”

हवामानखात्याचा एक उपग्रह संथपणे चालला होता. तिने हात जोडले, मान वळवत शेवटपर्यंत पाहिलं.

“मिचकावत न्हाईत,” ती म्हणाली. “हे आप्पा न्हवंत, व्हय ना सर?”

सरांना इतकी लाज वाटली, की मान वर होईना.

“नव्हेत. त्यांची कक्षा मीच कळवली. सकाळी झाडूने...”

 तिने लाडू कठड्यावर ठेवला.

“ऱ्हाऊ दे. ह्ये बी कुणाचं तरी असतील.”

ती जिना उतरून गेली. सर लाडवाकडे बघत बसले. नाडगौडा-एक, दोन आणि तीन कुणाचे होते, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.